बिननावाच्या कबरीतला गोलरक्षक



स्मरणिकेसाठी दहावीच्या वर्गाचा ग्रुप फोटो निवडला, तेव्हा खाली नावं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. खुर्च्यांवर बसलेल्या शिक्षकांची नावं लगेच झाली. मुलींच्या रांगा मी एकटीने पूर्ण केल्या. मुलांची नावं ग्रुपवर विचारून विचारून भरली. शेवटी एक जण उरला. सगळ्यात मागच्या रांगेत, डावीकडून चौथा. चेहरा सर्वांच्या ओळखीचा, पण नाव कोणालाच सांगता येईना. आठवीत आला आणि दहावीनंतर कोणाला दिसला नाही. तो गोलकीपर होता, एवढं मात्र प्रत्येकाला आठवतं. आंतरशालेय सामन्यांत कोणी कोणते गोल मारले, यावर ग्रुपवर रात्री साडेबारापर्यंत चर्चा रंगली. त्याने अडवलेला एकही गोल कोणाला आठवला नाही.

आठवणार तरी कसा? गोलकीपरने काम चोख केलं की काहीच घडत नाही. मी ज्या क्षेत्रात आहे तिथेही हीच तऱ्हा. सर्व्हर वर्षभर सुरळीत चालला तर कोणी विचारत नाही. एका रात्री वीस मिनिटं बंद पडला की त्याचा दहा पानांचा अहवाल तयार होतो.

त्या नावाच्या शोधात मला एक जुना गोलरक्षक आठवत राहिला. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त इंग्लंडमध्ये शेफील्डला राहत होते, तेव्हा त्याच्याविषयी पहिल्यांदा वाचलं होतं. आपल्या मैदानावर ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करायची रीत होती. हा मात्र त्याच्या काळात इंग्लंडच्या सर्वांत वेगवान धावपटूंपैकी एक होता, आणि तरी गोलमध्ये उभा राहायचा. त्याचं नाव आर्थर व्हार्टन. जगातला पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं. त्याचीच गोष्ट या स्मरणिकेत सांगावी असं वाटलं.

आर्थरचा जन्म २८ ऑक्टोबर १८६५ रोजी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आक्रा शहरातल्या जेम्सटाउन भागात झाला. आजच्या घानाचा हा भाग तेव्हा गोल्ड कोस्ट या नावाने ओळखला जाई आणि तिथे ब्रिटिशांची सत्ता होती. वडील हेन्री व्हार्टन हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. ते मूळचे वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटाचे; त्यांच्या अंगात स्कॉटिश आणि आफ्रिकी असं दोन्हीकडचं रक्त होतं. आई ॲनी फ्लॉरेन्स एग्यिरिबा ही फांटी लोकांच्या राजघराण्याशी नातं असलेली. म्हणजे घर खात्यापित्याचं, शिकलेलं, समाजात मान असलेलं. वडिलांप्रमाणे मुलाने धर्मप्रचारक किंवा शिक्षक व्हावं ही घरच्यांची अपेक्षाही आपल्याला ओळखीची वाटेल अशीच.

त्यासाठी १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आर्थर इंग्लंडला आला. आधी स्टॅफर्डशरमधल्या कॅनॉक इथे आणि मग उत्तरेकडच्या डार्लिंग्टनमधल्या क्लीव्हलँड कॉलेजात त्याचं शिक्षण सुरू झालं. डार्लिंग्टन म्हणजे जगातल्या सुरुवातीच्या सार्वजनिक रेल्वेमार्गांपैकी एकावरचं गाव, कारखान्यांचं आणि मजुरांचं. शनिवारी दुपारी कामावरून सुटलेली माणसं मैदानावर गर्दी करत. विशीतला हा पोरगा तिथे क्रिकेट खेळला, सायकल चालवली, धावला आणि फुटबॉलही खेळला. हळूहळू वर्गापेक्षा मैदानच जास्त झालं. धर्मोपदेशक होण्याचा बेत मागे पडला तो कायमचा.

३ जुलै १८८६ या दिवशी लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर हौशी ॲथलेटिक संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धा होत्या. स्टॅमफर्ड ब्रिज म्हटल्यावर आज चेल्सी क्लब आठवतो, पण तो क्लब निघायला अजून एकोणीस वर्षं होती. तेव्हा ते धावपटूंचं मैदान होतं. तिथे शंभर यार्डांची, म्हणजे सुमारे साडेएक्याण्णव मीटरची शर्यत आर्थरने बरोबर दहा सेकंदांत जिंकली. या राष्ट्रीय स्पर्धेत तोवर कोणीही इतक्या कमी वेळात ही शर्यत पूर्ण केलेली नव्हती. पुढच्या वर्षी, १८८७ मध्येही, तोच विजेता ठरला. आफ्रिकेतली माणसं युरोपियनांपेक्षा मुळातच कमी प्रतीची, असं त्या काळी पुस्तकांतून शास्त्र म्हणून शिकवलं जात होतं. त्याच देशाच्या राजधानीत, हजारो लोकांसमोर, घड्याळ लावून हे घडलं. काही वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं आणि काहींनी त्याच्या रंगावरून टिंगलही केली.

आता प्रश्न असा पडतो, की इतक्या वेगाने धावणाऱ्या माणसाला गोलमध्ये कशाला ठेवायचं? त्याचं उत्तर त्या काळच्या नियमांत आहे. आजच्या गोलरक्षकाला पंचांचं संरक्षण असतं. तेव्हा तसं नव्हतं. चेंडू त्याच्याजवळ असो वा नसो, समोरचे खेळाडू खांद्याची धडक देऊन त्याला आडवा करू शकत. १८९० नंतरच्या काही वर्षांत हा नियम जरा सौम्य झाला. गोलाला जाळी नसे. ती आली १८९१ च्या सुमारास. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. गोलरक्षकाचा शर्ट इतरांसारखाच असे आणि हातमोजे वगैरे लाड नसत. मात्र त्याला एक सवलत होती: आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताने खेळण्याची. ती पुढे १९१२ मध्ये काढून घेतली गेली. तेव्हा ज्याच्या पायांत वेग आहे, धडक सोसण्याची ताकद आहे आणि ठोसा मारण्याची हिंमत आहे, असा माणूस गोलमध्ये असणं फायद्याचं होतं.

आर्थरची ठोसा मारण्याची ताकद प्रसिद्ध होती. चेंडू पकडण्याऐवजी मुठीने लांब भिरकावून देण्यात त्याचा हातखंडा. गोलच्या एका कोपऱ्यात खांबाशी दबा धरून बसायचं आणि शेवटच्या क्षणी झेप घ्यायची, ही त्याची आणखी एक खोडी. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९४२ मध्ये, एका म्हाताऱ्या प्रेक्षकाने शेफील्डच्या वर्तमानपत्राला पत्र पाठवून एक प्रसंग कळवला. आर्थरने वरच्या आडव्या दांड्याला लोंबकळून चेंडू दोन्ही पायांत पकडला आणि त्याच्यावर धावून आलेले तीन फॉरवर्ड सरळ जाळीत जाऊन पडले. आपल्या मैदानावर कोणी असं केलं असतं तर सरांनी त्याला बाहेर काढलं असतं आणि आपण त्याला खांद्यावर घेतलं असतं.

डार्लिंग्टनच्या संघातला त्याचा खेळ पाहून १८८६ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबाने त्याला बोलावलं. प्रेस्टन म्हणजे तेव्हाचा इंग्लंडमधला सर्वांत दमदार संघ. त्याच हंगामात तो संघ एफए कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे वेस्ट ब्रॉमविच अल्बियनकडून हरला. गोलमध्ये आर्थर होता.

इथे त्याच्या आयुष्यातलं एक वळण येतं. १८८८ मध्ये त्याने प्रेस्टन सोडलं, कारण धावण्यात पैसा होता. शेफील्डला तेव्हा पैशांच्या शर्यती भरत. वेगवान धावपटूला मागून आणि संथ धावपटूला पुढून सोडायचं, म्हणजे चुरस होते आणि लोक पैजा लावतात, अशी ती पद्धत. एकदा पैसे घेऊन धावलं की हौशी स्पर्धांची दारं बंद. स्टॅमफर्ड ब्रिजचा विजेता त्या दारातून स्वतःहून बाहेर पडला. जेवणखाण आणि भाडं विजेत्याच्या चषकातून भागत नाही, हे कळायला वेळ लागत नाही.

त्याच शरद ऋतूत बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, जगातली पहिलीच. आणि १८८८-८९ च्या त्या पहिल्या हंगामात प्रेस्टनने लीगचे बावीसच्या बावीस सामने न हरता विजेतेपद मिळवलं. शिवाय एफए कप जिंकला तोही एकही गोल न खाता. अजिंक्य म्हणून तो संघ आजही ओळखला जातो. आर्थरने एक वर्ष धीर धरला असता तर कदाचित त्या संघाच्या छायाचित्रात तो असता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातही त्याची निवड कधी झाली नाही. अँड्र्यू वॉटसन हा कृष्णवर्णीय खेळाडू १८८१ मध्येच स्कॉटलंडकडून खेळला होता, पण तो हौशी खेळाडू होता आणि तो दुसरा देश होता.

१८८९ मध्ये आर्थर रॉदरहॅम टाउन या क्लबाचा पगारी गोलरक्षक झाला. फुटबॉलमध्ये उघडपणे पैसे घ्यायला परवानगी मिळून तेव्हा चारच वर्षं झाली होती. १८९० मध्ये त्याने रॉदरहॅममध्येच एमा लिस्टर या मुलीशी लग्न केलं. पगार हंगामापुरता असे, उन्हाळ्यात हात रिकामे. त्यामुळे तो यॉर्कशर आणि लँकशरच्या लहान क्लबांकडून पैसे घेऊन क्रिकेट खेळायचा आणि रॉदरहॅममध्ये पबही चालवायचा. नावाजलेला खेळाडू गल्ल्यावर असला की गिऱ्हाईक येतं. पुढे दारूची सवय त्यालाही जडली असं म्हणतात.

१८९३ मध्ये रॉदरहॅम टाउनला लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला. त्याच काळात आणखी एक नियम घट्ट झाला: खेळाडूचं नाव ज्या क्लबाकडे नोंदलं असेल, त्या क्लबाच्या संमतीशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर अनुभवाचं प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात. अशा व्यवस्थेत मोठ्या संघातले थोडे खेळाडू वर गेले आणि बाकीचे गावोगावी फिरत राहिले. आर्थर या दुसऱ्या गटातला.

एक संधी मात्र पुन्हा आली. १८९४ मध्ये पहिल्या विभागातल्या शेफील्ड युनायटेडने त्याला घेतलं. पण त्याच वर्षी त्या क्लबाने वीस वर्षांचा दुसराही एक गोलरक्षक आणला होता, विल्यम फोल्क. सहा फुटांहून उंच, अंगाने धिप्पाड आणि पुढे वजनासाठीच जगप्रसिद्ध झालेला. हा फोल्क पुढे त्या संघाबरोबर लीगही जिंकला आणि दोनदा एफए कपही. त्याच्यापुढे एकोणतिशी गाठलेल्या आर्थरला जागा मिळेना. पूर्ण हंगामात पहिल्या विभागातला एकच सामना त्याच्या वाट्याला आला, फेब्रुवारी १८९५ मध्ये सुंदरलँडविरुद्ध. सुंदरलँड त्या वर्षीचा विजेता संघ. बाकीचे आठवडे बाकावर, दुसऱ्याचा खेळ पाहत. तरीही इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून आज जी नोंद सांगितली जाते, ती त्या एका सामन्यामुळे.

मग तो रॉदरहॅम टाउनकडे परतला. वर्षभरात तो क्लबच संपला. तिथून लँकशरच्या सीमेवरच्या स्टेलीब्रिज रोव्हर्सकडे. तिथून शेजारच्या ॲश्टन नॉर्थ एंडकडे; १८९९ मध्ये त्या क्लबाचं दिवाळं वाजलं. पुन्हा स्टेलीब्रिज. शेवटी १९०१-०२ च्या हंगामात दुसऱ्या विभागातल्या स्टॉकपोर्ट काउंटीकडून काही सामने. तेव्हा तो छत्तिशीत होता. ज्या माणसाने दहा सेकंदांत शंभर यार्ड कापले होते, तो आता थंडीच्या दिवसांत चिखलात उभा राहून विशीतल्या पोरांच्या धडका सोसत होता. १९०२ मध्ये तो थांबला. निरोपाचा सामना नाही, निवृत्तिवेतन नाही.

त्यानंतर तो अठ्ठावीस वर्षं जगला, आणि या काळाविषयी सांगण्यासारखं फार थोडं हाती लागतं. डॉनकॅस्टरजवळच्या एडलिंग्टन गावात यॉर्कशर मेन नावाची कोळशाची खाण होती. तिथे तो कोळशाच्या गाड्यांच्या वाहतुकीचं काम करायचा. त्या कामाला वेग लागत नाही, पाठ लागते. आपल्याबरोबर काम करणारा हा पांढऱ्या केसांचा माणूस कधीकाळी देशाचा विजेता होता, हे तिथल्या नव्या पोरांना माहीत असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

१३ डिसेंबर १९३० रोजी, पासष्टाव्या वर्षी, दीर्घ आजाराने तो गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये उरुग्वेत फुटबॉलचा पहिला विश्वचषक झाला होता. एडलिंग्टनच्या दफनभूमीत त्याला गरिबांसाठी असलेल्या जागेत पुरलं गेलं. कबरीवर दगड नव्हता. नाव नव्हतं. सदुसष्ट वर्षं ती जागा तशीच राहिली.

ती बदलली काही माणसांच्या खटपटीमुळे. शेफील्डमध्ये खेळाच्या मैदानावरच्या वर्णभेदाविरुद्ध काम करणारी एक संस्था आहे. फिल वसिली नावाच्या संशोधकाने जुनी वर्तमानपत्रं आणि नोंदवह्या चाळून आर्थरचं आयुष्य जुळवायला घेतलं होतं. या मंडळींनी पैसे जमवले आणि १९९७ मध्ये त्या कबरीवर दगड बसला. पुढच्या वर्षी वसिली यांचं पुस्तक आलं. २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचं नाव गेलं. २०१४ मध्ये इंग्लंडचे राष्ट्रीय संघ जिथे सराव करतात, त्या सेंट जॉर्जेस पार्कमध्ये त्याचा सोळा फूट उंच पुतळा उभा राहिला, चेंडूकडे झेपावलेला. ज्या देशाच्या संघात त्याला कधी घेतलं नाही, त्याच संघाचे गोलरक्षक आज त्याच्याजवळून सरावाला जातात.

या गोष्टीत मला पुतळ्यापेक्षा तो कबरीवरचा दगड मोठा वाटतो. पुतळा उभारला तोवर आर्थर पुन्हा प्रसिद्ध झाला होता. दगड बसवला तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. कोणीतरी आधी ठरवलं, की या माणसाचं नाव इथे असायला हवं. मग ते नाव, जन्माची तारीख, क्लबांची यादी शोधून काढली. हे आपोआप घडलं नाही. गोल मारणाऱ्याचं नाव त्याच संध्याकाळी छापून येतं. अडवणाऱ्याचं नाव कोणीतरी मुद्दाम बसून लिहावं लागतं.

आपल्या या स्मरणिकेतही बोर्डात आलेल्यांची यादी आहे, क्रीडा चषकांची आहे, परदेशात असलेल्यांची आहे. ती असायलाच हवी. त्यातल्या एका यादीत माझंही नाव आहे आणि ते पाहून मला आनंद झाला. पण वर्गाचा फोटो हे एकच पान असं आहे, जिथे सगळे सारख्याच आकाराचे दिसतात. त्या पानावर एकाच्या नावाची जागा आपल्याला भरता आलेली नाही.

संपादक मंडळातल्या कोणीतरी सुचवलं, की तिथे अज्ञात असं छापून मोकळं व्हावं. मी नको म्हटलं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मिळावं म्हणून मी कार्यालयाला विनंती केली आहे. आपल्याला पीटी शिकवणाऱ्या सरांनाही फोन केला. सर आता थकलेत, पण त्या मुलाचे बूट फाटके होते आणि तो डावखुरा होता, हे त्यांना पक्कं आठवतं. नावासाठी त्यांनी दोन दिवस मागून घेतले आहेत.

तोवर स्मरणिका छापायला जाईल. म्हणून मुद्रकांना सांगितलं आहे, की फोटोखाली मागच्या रांगेत डावीकडून चौथ्या नावाची जागा कोरी ठेवा, आणि एक माणसाचं नाव हाताने लिहिता येईल इतकी मोकळी ठेवा. मेळाव्याला येताना प्रत्येकाने खिशात पेन ठेवावा. नाव मिळालं तर सगळ्यांनी आपापल्या प्रतीत लिहूया. आणि तो स्वतःच आला, तर त्याच्याकडूनच लिहून घेऊ.